पोटनिवडणुकीत पडलेलं घराणं

मराठी मंडळाच्या निवडणुकीत मी दोन्ही उमेदवारांसाठी हात वर केला होता. वेंधळेपणाने नव्हे, भिडेने. तेव्हा मी साठीतली कोवळी पोर, नातवाला सांभाळायला अमेरिकेत लेकीकडे प्लेनोला आलेली. कुणाला नाही म्हणायची अक्कल अजून यायची होती.

त्यातले एक उमेदवार म्हणजे आमचे शेजारी, भाऊसाहेब गद्रे. यांचे आजोबा इंग्रजी अमलात प्रांतिक कायदेमंडळाच्या रिकाम्या जागेसाठी उभे राहिले आणि सणसणीत आपटले. दुसऱ्या घराण्याने हे झाकलं असतं. भाऊसाहेब स्वतःच्या नावाआधी हे सांगत. "पोटनिवडणुकीत पडले, वहिनी! साध्या निवडणुकीत काय, कुणीही पडतं."

तेव्हा मत फक्त शेतसारा भरणाऱ्यांना. आजोबांनी त्यांना बुंदीच्या पंगती घातल्या. मंडळींनी हात धुतले आणि मतं समोरच्याला दिली. तेव्हापासून गद्र्यांचं जेवणाऱ्यांवर बारीक लक्ष. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी दुसरी पुरी उचलली की भाऊसाहेब कानाशी हजर. "घ्या, वहिनी, घ्या. आजोबांकडेही लोक असेच जेवले होते." पुरी घशात अडकायची. तरी मी तिसरी घ्यायचेच.

मग मंडळाचे अध्यक्ष नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात, चँडलरला गेले. जागा रिकामी! घराण्याचा डाग धुवायला भाऊसाहेब उभे राहिले. बायको गेलेली, मुलगा दूर सिअ‍ॅटलला. पण महिनाभर रोज संध्याकाळी घरात पोहे, चहा आणि भाषण. हायवेपलीकडे इंग्रज कान लावून बसलाय असा आवाज. "या प्रांताच्या जनतेला मी विचारतो..." जनता म्हणजे मी, माझी लेक आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचणारे जोशीकाका. लेक कुजबुजायची, "आई, किती बोअर करतात यार! पण पोहे मस्त."

समोर उभी होती तिशीतली, ढोलपथकातली मृणाल. मतदानाला मला तीच ड्राइव्ह करून घेऊन गेली, म्हणून तिच्या नावाला मी हात वर केला. मग भाऊसाहेबांच्या नावाची वेळ आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेला हात वर!

खजिनदार म्हणाला, "काकू, असं दोनदा नाही चालत. तुमचं मत कॅन्सल."

भाऊसाहेब एका मताने पडले.

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून त्यांच्याकडे गेले. दिवाणखान्यात खुर्च्या अजून सभेसारख्या मांडलेल्या. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पडलो त्याचं काही नाही, वहिनी. पण या खुर्च्या उचलायच्या जिवावर आलंय. उद्याही याल का? मत नाही मागणार."