रजा मंजूर आहे, कृपया लाइनवर राहा

दयानंद शांताराम पाष्टे हे ओमानमधल्या सोहारच्या एका पोलाद कारखान्यात क्रेन देखभाल विभागात फिटर होते. दर दोन वर्षांनी साठ दिवसांची रजा, हे त्यांच्या करारातलं कलम नऊ. २०१६च्या मार्चमध्ये ही रजा चौदा महिने मागे पडली होती. याला कोणीही जबाबदार नव्हतं. रजेच्या अर्जावर ‘बदली कामगाराचे नाव’ असा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नसे, आणि बदली कामगाराचा व्हिसा येईपर्यंत त्याला नाव आहे असं कंपनी मानत नसे.

राजीनामा देऊन जावं, तर कंपनीच्या एनओसीशिवाय पुढची दोन वर्षं परत येता आलं नसतं. म्हणून पाष्टे थांबले होते.

तिकडे राजापूरजवळच्या त्यांच्या गावात नवं घर बांधून तयार होतं. स्लॅब, फरशी, खिडक्यांना जाळ्या, सगळं झालेलं. फक्त वास्तुशांत राहिली होती. पूजेला जोडीने बसायचं, आणि जोडीतला एक सोहारला क्रेनच्या ब्रेकला ग्रीस लावत होता. दोन मुहूर्त हुकले. पाष्टेंची बायको जयवंती नव्या घराला कुलूप घालून बाजूच्या पत्र्याच्या मांगरात राहत होती. तिथेच चूल, तिथेच झोपणं. रोज सकाळी ती घराभोवतीचं अंगण झाडायची.

मी हे सगळं सांगतो आहे, कारण त्या वर्षी मस्कतमध्ये असलेल्या प्रत्येक मराठी माणसाप्रमाणे मीही ‘गुदगुदी मॉर्निंग’ ऐकत होतो.

कुरुमच्या एका स्टुडिओतून सकाळी सात ते नऊ हा कार्यक्रम लागायचा. निवेदक सागर. मूळचा डोंबिवलीचा, पण माइकसमोर हिंदी बोलायला लागला की लखनौचा व्हायचा. भारतातून कोणी नट, गायक, विनोदवीर कार्यक्रमासाठी मस्कतला आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सागरसमोर आणून बसवत. मग पाहुणा कुणाला तरी खोटा फोन लावायचा. ज्याला फोन जाई तो ‘आज का बकरा’. मुलीला वादी कबीरच्या शाळेत सोडून कुरुमच्या ऑफिसला पोहोचेपर्यंत माझा बकरा संपलेला असे, आणि दिवस बरा सुरू होई.

पाष्टेंचा नंबर रेडिओला दिला तो हारूनने. हारून रत्नागिरीकडचा, कारखान्याची कामगारांची बस चालवायचा. पुढे तो आमच्याच ऑफिसात ड्रायव्हर म्हणून लागला, त्यामुळे बाकीचा तपशील मला त्याच्याकडून मिळाला. हेतू वाईट नव्हता. त्याने रेडिओला पाठवलेला मेसेजही मला दाखवला. ‘आमचा दयाभाऊ वर्षभर हसला नाही. त्याला जरा हसवा.’

त्या दिवशी पाहुणे होते प्रसिद्ध विनोदी नट रविकांत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी आले होते. त्यांनी आवाज जाड करून फोन लावला.

“पाष्टे का? पर्सोनेलमधून बोलतोय. तुमची रजा मंजूर झाली आहे.”

पलीकडे कारखान्याची घरघर चालू होती.

“कधीपासून, साहेब?” पाष्टेंनी विचारलं.

“रविवारपासून. कृपया लाइनवर राहा, कागद बघून सांगतो.”

इथे एक गाणं लागलं. पाष्टेंकडे दोन फोन होते. गाण्याच्या चार मिनिटांत त्यांनी दुसऱ्या फोनवरून जयवंतीला कळवलं, आणि जयवंतीने वाडीतल्या पोराला सायकलवरून भटजींकडे पिटाळलं. हे स्टुडिओत कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

“एक अट आहे,” गाणं संपल्यावर रविकांत म्हणाले. “रजेवर जाताना क्रेन बरोबर न्यावी लागेल. तुमच्या मागे तिच्याकडे बघायला कोणी नाही.”

पाष्टेंनी विचार केला. “कुठली? पाच टनाची की पंधरा?”

“पंधरा.”

“मग बोटीने पाठवावी लागेल, साहेब. जयगडला उतरवता येईल. पुढे आमच्या वाडीचा रस्ता अरुंद आहे. पण मी सरपंचांशी बोलतो. अंगणात जागा आहे.”

माझ्या पुढची गाडी सिग्नलला हिरव्यावरही हलली नाही. आतला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. मीही हॉर्न वाजवण्याच्या स्थितीत नव्हतो.

शेवटी सागरने गौप्यस्फोट केला. “दयाभाऊ, तुम्ही रेडिओवर आहात. तुम्ही आजचे बकरे.”

“म्हणजे क्रेन न्यायची नाही?”

“नाही.”

“आणि रजा?”

हा त्या वर्षातला सर्वांत यशस्वी विनोद ठरला. स्टेशनने तो आठवडाभर दर तासाला वाजवला.

कंपनीने तातडीने दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी सूचना फलकावर कागद लागला. ‘रेडिओ, दूरचित्रवाणी अथवा अन्य करमणुकीच्या माध्यमातून मंजूर झालेली रजा ग्राह्य धरली जाणार नाही. आदेशावरून.’ खाली पर्सोनेल मॅनेजर कौशिक यांची सही. पाष्टेंना समज देण्यात आली. त्यांनी ती घेतली आणि विचारलं, बदली कामगाराच्या व्हिसाचं काय झालं. कौशिक म्हणाले, “इन्शाल्ला, या महिन्यात.”

पण श्रोत्यांचे मेसेज थांबेनात. दयाभाऊंचं काय झालं? गेले का? क्रेन नेली का? स्टेशनने मागणीची नोंद घेऊन दर मंगळवारी ‘दयाभाऊ की छुट्टी’ हे सदर सुरू केलं. मस्कतला येणारा प्रत्येक पाहुणा पाष्टेंना रजा देऊ लागला. एका गायिकेने ती गाऊन दिली. एक निवृत्त क्रिकेटपटू विमान कंपनीचा अधिकारी झाला. टीव्हीवरची एक पाककृतीवाली बाई त्यांची सासू झाली आणि तिने जावयाला जेवायला बोलावून ताट उचलून नेलं. पाष्टे दर वेळी शांतपणे उत्तर देत. त्यांना विनोद करता येत नव्हता, हेच त्यांचं भांडवल आहे, असं सागरने एका मुलाखतीत सांगितलं.

“फोन उचलू नकोस ना,” हारून त्यांना म्हणाला. त्याला झोप लागत नव्हती.

“आणि खरा आला तर?” पाष्टे म्हणाले.

हारूनने बस सुरू केली.

एका ट्रॅव्हल एजन्सीने सदर प्रायोजित केलं. दयाभाऊंची रजा ज्या दिवशी मंजूर होईल त्या दिवशी त्यांना मुंबईचं विमान तिकीट भेट. हे तिकीट कुणाला द्यावं लागत नव्हतं आणि रोज जाहीर मात्र करता येत होतं. कारखान्याचे ओमानी मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणत, त्यांना एका लग्नात तीन जणांनी विचारलं की तो क्रेनवाला तुमचाच का. अर्बाब खूश झाले. कौशिक यांनी जुना कागद काढून नवा लावला. ‘श्री. पाष्टे यांनी कंपनीचे नाव उज्ज्वल केले आहे.’ पाष्टेंना काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. त्यावर क्रेन कोरलेली होती.

मे महिन्यात पाष्टे अर्ज घेऊन पुन्हा गेले. कौशिक यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. एवढा मान त्यांना यापूर्वी मिळाला नव्हता.

“पाष्टे, तुमचा प्रश्न आता साधा राहिलेला नाही. तुम्ही गेलात तर कार्यक्रमाचं काय? स्टेशनची एनओसी आणा.”

स्टेशनने सहानुभूतीपूर्वक विचार केला. त्यांच्या मते एनओसी द्यायला हरकत नव्हती, प्रायोजकाची संमती हवी. प्रायोजकाचा करार सप्टेंबरअखेरपर्यंत होता. मुदतीआधी सदर बंद करायचं तर पाष्टे रजेवर गेल्याचा कंपनीचा दाखला त्याला हवा होता. दाखला कौशिक यांनी द्यायचा, आणि पाष्टे गेल्याशिवाय तो देणं त्यांना नियमात बसत नव्हतं.

तेव्हा सागरला लोकशाही सुचली. त्याने श्रोत्यांचा कौल घेतला. दयाभाऊंना रजा मिळावी, तर मेसेजमध्ये एक लिहा. सदर चालू राहावं, तर दोन.

“बाबा, तो अंकल गेला तर मॉर्निंगला काय असणार?” माझी मुलगी शिवांगी मागच्या सीटवरून म्हणाली.

प्रश्न रास्त होता. मी दोन लिहिलं. माझ्याकडेही दोन फोन होते, तेव्हा दोनदा लिहिलं. शेकडा एक्क्याण्णव लोकांनी आमच्यासारखाच विचार केला. सागरने निकाल पाष्टेंना थेट कार्यक्रमात कळवला आणि कसं वाटतंय विचारलं. पाष्टे म्हणाले, “बाकीचे नऊ कोण आहेत?” लोक पुन्हा हसले. मला वाटतं त्यांना खरंच ती नावं हवी होती.

जूनमध्ये जयवंतीने फोनवर सांगितलं की वाळवी मांगराच्या वाशांना लागली आहे, आणि भटजी म्हणतात चातुर्मास लागायच्या आत एकच मुहूर्त उरला आहे, नंतर थेट दिवाळीनंतर. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की तिला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावं लागलं. त्या दिवशी पाष्टे जेवले नाहीत, असं हारून सांगतो. स्मृतिचिन्ह त्यांनी कपाटाच्या तळाशी कपड्यांखाली ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, बदली कामगाराचा व्हिसा आला.

कौशिक यांनी स्वतः फोन लावला. पाष्टे तेव्हा क्रेनवर, जमिनीपासून चाळीस फुटांवर होते.

“पाष्टे, पर्सोनेलमधून कौशिक बोलतोय. तुमची रजा मंजूर झाली आहे. रविवारपासून.”

तीन महिन्यांत पाष्टे हे वाक्य चौदा वेळा ऐकून होते.

“आवाज चांगला काढलात, साहेब,” ते म्हणाले. “अगदी कौशिकसाहेबच. आज पाहुणे कोण आहेत?”

“मी कौशिकच आहे.”

“हो हो. आणि क्रेन न्यायची ना?”

त्यांनी फोन ठेवला. कौशिक यांनी नियमाप्रमाणे आणखी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी पाष्टेंनी क्रेनचं वजन सांगितलं. तिसऱ्या वेळी ते, हारूनच्या सांगण्यानुसार, वर्षभरात पहिल्यांदा हसले. त्यांना विनोद जमला होता. कौशिक यांनी फाइलमध्ये नोंद केली. ‘कर्मचाऱ्याशी तीन वेळा संपर्क साधला. रजा विनोदाने नाकारली.’ बदली कामगार गुरुवारी कंपनीच्याच दुकमच्या साइटवर रवाना झाला, कारण तिथेही एक फिटर दोन वर्षं वाट बघत होता.

हे पाष्टेंना रविवारी सूचना फलकावरून कळलं. ते कौशिक यांच्या टेबलासमोर उभे राहिले. हारून दाराशी होता.

“साहेब, ते तुम्ही होतात?”

“मीच होतो. मी सांगितलंही.”

“मला कसं कळणार?”

कौशिक यांना वाईट वाटलं. हारून म्हणतो, त्यांनी चष्मा काढून पुसला. “हे बघा, नोंद झाली आहे. नोंद मला खोडता येत नाही. अर्ज पुन्हा करा. बदली कामगाराचं नाव तेवढं लिहा.”

पाष्टेंनी कोरा अर्ज घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि कामावर गेले. पंधरा टनी क्रेनचा दोर बदलायचा होता.

वास्तुशांत ठरल्या मुहूर्ताला झाली. पूजेला पाष्टेंचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको बसली. त्याच आठवड्यात मंगळवार आला, आणि सागरने कार्यक्रम विशेष करायचं ठरवलं. एका फोनवर सोहारहून पाष्टे, दुसऱ्यावर गावाहून जयवंती. स्टुडिओत त्या दिवशी पाहुणा नव्हता. हसण्याचा आवाज मशीनमधून यायचा, त्याचं बटण सागरच्या हाताशी होतं.

“वहिनी, नव्या घरात पाऊल टाकलंत. कसं वाटतंय?”

“मोठं वाटतंय,” जयवंती म्हणाली.

बटण.

“पूजेला बसल्या होतात का?”

“नाही. भाऊजी नि जाऊबाई बसल्या. मी पंगतीला वाढलं.”

बटण. “दयाभाऊ, बोला वहिनींशी. सगळं मस्कत ऐकतंय.”

पाष्टेंनी घसा साफ केला. “जयवंती, पुढचं दार आत उघडतं का बाहेर?”

“आत.”

“मी बाहेर सांगितलं होतं.”

“सुताराने आत बसवलं. पावसाचं पाणी येतं म्हणाला.”

“बरं केलं.”

यावर बटण बराच वेळ चाललं. ते थांबल्यावर जयवंती म्हणाली, “भाऊ, एक विचारू? तिकडे माणसं हसतात तो आवाज येतो. ती खरी आहेत का?”

“अगदी खरी, वहिनी. हजारो आहेत. सगळे तुमच्यावर प्रेम करतात.”

“मग त्यांना सांगा,” ती म्हणाली, “ह्यांना घरी यायचंय.”

रेडिओवर चार सेकंद काहीच नव्हतं. मी घड्याळ बघत नव्हतो, पण रेडिओवर चार सेकंद फार असतात. मग बटण वाजलं आणि मी हसलो. शेजारच्या गाडीतला माणूसही हसत होता. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली.

“बाबा,” मागून शिवांगीने विचारलं, “यात फनी काय होतं?”

मी तिला म्हटलं, तुझं मराठी अजून कच्चं आहे.