मागच्या डाव्या दिव्याची तक्रार

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दिव्याने गेल्या महिन्यात काम थांबवलं, कारण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने एकही माणूस आपल्याकडे येताना पाहिलेला नव्हता.

हे कारण अर्थात नंतर कळलं. आधी आम्ही रीतीप्रमाणे बल्ब बदलला. मग फ्यूज पाहिला, होल्डरचा गंज खरवडला, अर्थिंगची वायर नवी घातली. शेवटी हलगेकर इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो दिव्यापुढे बराच वेळ उकिडवा बसला आणि उठून म्हणाला, "करंट पोचतोय साहेब. त्यो घेत न्हाई."

गाडी एकसष्ट सालची, माझ्या वडिलांची, म्हणजे आण्णांची. काळी, गोल पाठीची आणि स्वभावाने माझ्यापेक्षा बरी. तिच्या नोंदणीची मुदत महिनाअखेर संपत होती. मंगळवारी आरटीओत तपासणी होती आणि तिथे एक दिवा बंद असला तरी गाडी नापास करतात. नापास झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मी जन्मभर पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यामुळे नियमांवर माझा राग नाही. पण या वेळी जीव टांगणीला लागला होता, तो रतनआत्यामुळे.

रतनआत्या ही आण्णांची धाकटी बहीण. सावळजला एकटी राहते. आण्णा गेल्यापासून मी तिला मिरजेला आमच्याकडे चल म्हणतोय आणि ती म्हणते, "येईन की. पण येईन तर आण्णाच्या गाडीतनं." मी आण्णांची गाडी घेऊन जातो. ती चहा करते, बेदाणे बांधून देते आणि म्हणते, "आता पुढच्या खेपेला." गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून रात्री फोन वाजला की मी चपला घालूनच तो उचलतो. गाडी गेली की तिची एकुलती एक अटही गेली. मग ती कशाने येणार?

"त्या दिव्याला विचारलंत का?" माझी बायको विजयमाला म्हणाली.

विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. खुर्ची घेऊन मी गाडीच्या मागे जाऊन बसलो. दिवा माझ्यापेक्षा वयाने मोठा, आमच्या घरात माझ्या आधी आलेला, म्हणून मी त्याला अहो-जाहो करतो.

"तुमची काही तक्रार आहे का?"

"आहे," दिवा म्हणाला. "सुकुमार, मी आजवर फक्त लहान होत जाणारी माणसं पाहिली. फाटकात उभी असतात तेव्हा मोठी असतात. मग हात हलवतात आणि लहान होत होत संपतात. तुझी आजी संपली, तुझी शाळा संपली. तुझ्या आत्याला तर मी किती वेळा संपताना पाहिलं, त्याला गणती नाही. आता माझ्याने बघवत नाही."

"मागून ट्रक येतात की."

"ते ओलांडून जातात. माझ्यासाठी आलेले नसतात."

"कुत्री?"

"ती येतात, पण भांडायला."

"मी गाडी मागे घेतो तेव्हा?"

"भिंत येते."

मुद्दा बिनतोड होता. मी उजव्या दिव्याचंही मत घेतलं. मूळचा उजवा एका बैलाने फोडला होता. आत्ताचा नंतरचा, कामावर अजून रमलेला. त्याला काही म्हणायचं नव्हतं. डाव्याला पुढे बसवावं का, असाही विचार झाला. पण पुढचे दिवे बिथरले. लाल दिवा पुढे लावणं नियमात बसत नाही, असं त्यांनी ठणकावलं आणि ते खरंच बसत नाही.

"मला बढती नकोच," डावा म्हणाला. "कुणीतरी एकदा मोठं होताना दाखव. मग मी लागतो."

रविवारी दुपारी आम्ही सावळजला निघालो. विजयमाला शेजारी बसली होती. गावाच्या वेशीपर्यंत गाडी सरळ नेली. आत्याच्या बोळाच्या तोंडाशी मी ती वळवली आणि मान मागे करून रिव्हर्समध्ये आत घेतली. बोळ अरुंद. दोन्हीकडून लोक बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "गियर अडकला व्हय?" मी नाही म्हणालो.

आत्या अंगणात धान्य निवडत होती. तिला आधी दिसली ती गाडीची गोल पाठ. ही पाठ तिने आजवर फक्त आम्ही निघतानाच पाहिलेली. ती गडबडीने उठली आणि जन्माची सवय असल्यासारखी फाटकात येऊन उभी राहिली. तिने हात हलवायला सुरुवात केली. डोळ्यांना पदर लावला.

"सावकाश जावा रं!" ती ओरडली.

आम्ही सावकाश आलो.

आत्या हात हलवत राहिली आणि मोठी होत गेली. आधी पातळाचा रंग कळला, मग चष्मा, मग चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी. तिचा हात हळूहळू खाली आला. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली तेव्हा ती दिव्याकडे बघत होती.

"सुकुमार," ती म्हणाली, "निघालास का आलास?"

"आलो, आत्या."

"मग असा पाठमोरा कशापायी?"

मी तिला दिव्याची तक्रार सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली, एकदाही हसली नाही. मग आत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या माणसावरून ती नेहमीच तुकडा ओवाळून टाकते. आण्णांवरून टाकायची, माझ्यावरूनही. गाडीच्या नाकाडावरूनही टाकायची. गाडीच्या मागे मात्र तुकडा घेऊन कधी कुणी गेलं नव्हतं. ती वाकली, दिव्यावरून तुकडा ओवाळला, लांब टाकला आणि दिव्याखाली पाणी ओतलं.

"ये बाबा," ती म्हणाली. "दमला असशील."

दिवा लागला. स्वच्छ, लाल आणि जरासा थरथरत. विजयमाला सरळ रडत होती.

चहा झाला. आत्याने बेदाणे बांधले. हातावर दही घालायला वाटी काढली आणि म्हणाली, "मंगळवारी गाडी पास होऊ दे. मग पुढच्या खेपेला..."

"पुन्हा फाटकात उभी राहणार का ही?" अंगणातून दिव्याने विचारलं. "आधीच सांगा. तसं असेल तर मला लागून राहणं जमणार नाही."

मी आत्याकडे बघायचं टाळलं. ही अट मी घातली नव्हती आणि मोडणंही माझ्या हातात नव्हतं. आत्या वाटी हातात घेऊन उभी होती.

"लेका, मला फाटकात उभं राह्यला कुठं आवडतंय," ती म्हणाली. "पण मी तुमच्याकडं आले, तर हितनं हात कोण हलवायचं?"

"कुणीच नाही," विजयमाला म्हणाली. "हलवायचाच नाही."

आत्याने वाटीतलं दही स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि चाटलं. कपड्यांची एक पिशवी भरली. दाराला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि मांजराला वेळेवर दूध घालायला बजावून ती गाडीत मागच्या सीटवर बसली.

दिवस मावळत होता. मी गाडी सुरू केली आणि दिवे लावले. चारही लागले. बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आत्या मागच्या काचेतून बघत होती. जुन्या सवयीने तिचा हात वर गेला.

"फाटक लहान होतंय," दिवा म्हणाला.

"होऊ दे," आत्या म्हणाली. "नुसतं फाटकच हाय ते."

"मग चालेल," दिवा म्हणाला, आणि मिरजेपर्यंत लागून राहिला.