सावे सरांची पिल्लं

सावे सर बोलताना तुमच्या डोळ्यांत पाहायचे नाहीत, नाकाखालच्या खाचेकडे पाहायचे. पालघरच्या कॉलेजात मी नवा लागलो तेव्हा मला वाटलं, मिशीला पोहे चिकटलेत.

"इथे शिवण आहे," ते म्हणाले. "चेहरा दोन्ही बाजूंनी येतो आणि इथे भेटतो. एकदम होत नाय, मास्तर."

हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांचं पालुपद. सर प्राणिशास्त्राचे, वेड डोक्यांचं. बाजारातून माशांची नुसती डोकी आणायचे. कोळीण विचारायची, "सर, धड कोनाला वाढता?" घरी कोंबड्या. अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, आतलं डोकं कुठवर आलंय ते बघायचं, मेणाने खिडकी बुजवायची आणि अंडं परत कोंबडीखाली. कोंबडीला हे मुळीच पसंत नव्हतं. सरांचे हात कायम टोचलेले.

मग सूर्यग्रहण आलं. सगळी आळी दारं लावून घरात, आणि सर ओटीवर विळी मांडून भोपळा चिरतायत. शेजारी कोंबडी अंड्यांवर. ती काही विळीवर बसेना, म्हणून तिच्यातर्फे सर.

मी समोरच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून म्हटलं, "सर, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तेच बघतोय."

पिल्लं निघाली तशी ती टोपलीत घालून सर एडवणच्या एसटीत बसले. सोबतीला मला ओढलं. वाटेत पहिल्यांदाच घरचं बोलले. त्यांचं बाळ ओठ दुभंगलेलं जन्मलं. दूध ओढता येईना, काही दिवसांत गेलं. पोटुशी असताना त्यांच्या बायकोने, वहिनींनी, ग्रहणात मासे कापले होते. गावाने तेच कारण धरलं, वहिनींनीही. माहेरी एडवणला गेल्या त्या तिथेच राहिल्या. विळीला पुन्हा हात लावला नाही. मला भयंकर वाईट वाटलं. भोपळ्यावरून किती हसलो होतो मी.

एडवणला पोचलो तशी वहिनींनी एकेक पिल्लू उचलून चोचीवरून बोट फिरवलं.

"ग्रहणात चिरलंत? यांच्याजवळ बसून?"

"हो. आख्खा भोपळा."

"सगळ्यांच्या धड हायत." हातातलं पिल्लू टोपलीत ठेवत म्हणाल्या, "मग आपल्याचंच का?"

सर म्हणाले, "अजून कळलं नाय. पण तुझ्या विळीनं नाय."

वहिनी उठल्या. मग आत जाऊन कोपऱ्यातली विळी काढली, पदराने गंज पुसला आणि कांदा चिरायला घेतला. "जेवून जा," म्हणाल्या.

परतताना टोपली रिकामी होती. पिल्लं तिकडेच ठेवली, म्हणजे बघायला जाता येईल.

"वहिनी येतील का हो?" मी विचारलं.

सर खिडकीबाहेर बघत होते.

"एकदम होत नाय, मास्तर."