यमुताईंचा भाता

केशवनं खोक्यातून ते काळं यंत्र उचलून पलंगावर ठेवलं आणि म्हणाला, "घ्या बाबा. आता भाता नाही, काही नाही. एका हातानं वाजवा."

दत्तोपंतांनी चष्मा पुसला, घातला आणि परत काढून पुसला. पट्ट्या ओळखीच्या होत्या, काळ्या-पांढऱ्याच. पण वर वीस-पंचवीस बटणं होती आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत काहीतरी बारीक लिहिलेलं होतं.

"आणि वारा कुठून घेते ही पेटी?"

"वारा नाही लागत बाबा. वीज लागते."

"मग मी काय करू?" दारातून यमुताईंनी विचारलं.

"तू आराम कर, आई. सुटलीस तू." आई खूश झाली असणार, असं केशवला वाटलं. मुलांना असं बरंच काही वाटत असतं.

दत्तोपंत पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राही. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात पट्ट्यांवर असतो आणि डावा भात्यावर. डावा गेला म्हणजे पेटीतला जीवच गेला. पंत महिनाभर पेटीकडे पाठ करून बसले. शेवटी एका संध्याकाळी यमुताई पेटीच्या पलीकडे, त्यांच्या अगदी समोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वाजवा. वारा मी घालते."

त्याला तीन वर्षं झाली. प्रतापनगरातल्या त्या दोन खोल्यांत रोज सहा ते सात पेटी वाजे. एरवी दोघांचं बोलणं भाजी, औषध आणि मोरीचा नळ यापलीकडे जात नसे. पण या तासात बरंच काही बोलून होई. यमुताई रागावलेल्या असल्या की पेटीला धाप लागे. खुशीत असल्या की सूर असा भरून येई की शेजारच्या तुळसाबाई पोळी तव्यावर सोडून दारात येऊन उभ्या राहत. सातला कुकरची आठवण झाली की यमुताई भाता सोडून उठत. मग भजन अर्ध्यावर असलं तरी संपे. दिवाळीत एकदा, फक्त एकदाच, त्या म्हणाल्या होत्या, "खांदा भरून येतो." केशव गुणी मुलगा, त्यानं ते लक्षात ठेवलं आणि डिसेंबरात मुंबईहून तीन दिवसांची रजा काढून विजेची पेटी घेऊनच आला.

आता ती सुरू करायची होती. तिची वायर भिंतीतल्या भोकात बसेना. अशा वेळी प्रतापनगरात रुपरावांना बोलावत. नाक्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दर गुरुवारी पंतांकडच्या भजनाला तबल्यावरही तेच असत.

"पंत, हे जपानचं मशीन आहे. याले आपली लाइन नाही चालत," रुपरावांनी निदान केलं. "वीज कमी करणारं एलिमिनेटर लागते. तू फिकर नको करू गा केशव, मी आणतो." त्यांनी दुकानातून एक पत्र्याची डबी आणली. "हे पाहा पंत, मागं ही टोपी आहे ना, हिच्यात काचेचा फ्यूज आहे. उडाला तर टोपी फिरवा अन् नवा टाका. एका हाताचं काम आहे."

यंत्राला दिवा लागला. पंतांनी 'सा' दाबला. पण पंतांना हल्ली कमी ऐकू येई, आणि यंत्राचा आवाज होता बेताचा.

"डबीत भुंगा कोंडल्यासारखं वाजते," ते खट्टू होऊन म्हणाले.

"तर मग रेडिओले जोडू," रुपराव म्हणाले.

यंत्रातून एक तार निघाली ती कोनाड्यातल्या मोठ्या रेडिओच्या पोटात गेली. पंतांनी पुन्हा 'सा' दाबला आणि रेडिओ खणखणीत आवाजात बोलला, "संत्र्यांची आवक मध्यम, भाव स्थिर." पंतांनी घाबरून 'रे' दाबला. सरकीचेही भाव स्थिर होते. रुपराव रेडिओत डोकं घालून तासभर तारा चाचपत राहिले. बाजारभाव संपले, हवामान झालं, कीटकनाशकं झाली. तेव्हा कुठे पेटीचा सूर मोकळा झाला.

तेवढ्यात केशवनं कसलंसं बटण दाबलं. धडाडधूम, धडाडधूम! यमुताईंच्या हातातलं ताट खाली पडलं.

"हे तबला बी वाजवते का?" रुपरावांनी विचारलं.

"ढोल, झांजा, सगळंच. बारा ताल आहेत यात, काका."

"बरं आहे," रुपराव म्हणाले आणि बराच वेळ नुसतीच तार खरवडत राहिले. स्वतःच्या हातानं स्वतःची सुट्टी करून घेणारा माणूस दिसतो तसेच ते दिसत होते.

गुरुवारचं भजन यंत्रावर झालं. पंतांनी सूर धरला, केशवनं ताल लावला आणि तुळसाबाईंनी आवाज दिला. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला तुळसाबाई नेहमीसारख्या श्वास घ्यायला थांबल्या. यंत्र काही थांबलं नाही. यमुताई भात्यावर असल्या की तुळसाबाईंचा दम पाहून वारा कमी-जास्त करत. यंत्राला कुणाच्या दमाची काय पडलेली! तुळसाबाई कडव्याच्या मागे धावत सुटल्या. त्यांना गाठायला पंतांनी दोन ओळी सोडल्या, टाळ एकीकडे आणि टाळ्या भलतीकडे. ताल बंद करायचं बटण सापडेना. दाबावं ते बटण नवा ताल काढी. शेवटी रुपरावांनी वायर उपटली तेव्हा देव सुटला आणि माणसंही सुटली.

"सवय होईल," केशव म्हणाला.

पंतांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ते कोपऱ्यात पाहत होते. तिथे यमुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक हात मांडीवर होता आणि दुसरा, त्यांच्याही नकळत, हवेतल्या हवेत पुढे-मागे होत होता. नजरानजर होताच यमुताईंनी हात पदराखाली घेतला.

शुक्रवारी सकाळी केशव गाडीला निघाला. निघण्यापूर्वी त्यानं रुपरावांकडून तारेला कथलाचा पक्का टाका मारून घेतला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आता खांद्याला आराम दे." त्या संध्याकाळी सहाला पंत यंत्राशी बसले. समोर कुणी नव्हतं, भिंतीवर दिनदर्शिका होती. सूर एकसारखा, स्वच्छ, न दमणारा. आत यमुताई निवडलेले तांदूळ परत निवडत होत्या. सात वाजून गेले तरी वाजवणं कुणी थांबवलं नाही, आणि पंतांना कळेना की थांबायचं कधी.

शनिवारी यंत्र बंद पडलं.

रविवारी रुपराव आले ते जरा अंग चोरूनच. त्यांनी आधी आपला टाका पाहिला. टाका शाबूत होता. याचं त्यांना सगळ्यात जास्त नवल वाटलं. मग त्यांनी एलिमिनेटरची टोपी फिरवली. आत फ्यूजच नव्हता. तेवढ्यात पंतांनी चष्म्याचं घर उचललं, तर आत काहीतरी काचेचं किणकिणलं. पंतांनी ते घाईघाईनं उशीखाली सारलं.

रुपरावांनी टोपी परत बसवली. ते तार तपासत कोनाड्यापर्यंत गेले. रेडिओच्या मागे ती सफाईनं कापलेली होती. दोन्ही टोकांना हळद लागली होती आणि एका टोकाला सुपारीचा भुगा.

"काय झालं हो भाऊजी?" यमुताई स्वयंपाकघरातून बाहेर न येताच म्हणाल्या.

"लय मोठा बिघाड आहे, वहिनी."

"दुरुस्त होईल का?" पंतांनी भीत भीत विचारलं.

"माह्या हातून तर नाही होत, पंत. जपानलेच पाठवा लागते."

घरात दोन सुस्कारे एकदमच सुटले. एक बाहेरच्या खोलीत, एक चुलीपाशी. "केशवला कळवू," पंत म्हणाले. मग सहज सुचल्यासारखं करून, "ऐकलंस का? तोवर भाता..."

"माझ्यामागे कामं आहेत," यमुताई म्हणाल्या. पण त्या आल्या तेव्हा हात पुसलेले होते आणि लुगडंही बदललेलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी तुळसाबाई यायच्या आधी तिघं सूर लावून बसले होते. पोस्टमन पत्र टाकून गेला. पंतांचा हात पट्ट्यांवर होता, यमुताईंचा भात्यावर, म्हणून रुपरावांनीच तबला बाजूला सारून पत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"ती. बाबांस सा. न. मशीन बिघडल्याचं वाचून वाईट वाटलं. काळजी करू नये. माझा मित्र येत्या महिन्यात मस्कतहून येतो आहे. त्याला याहून मोठं आणायला..."

"नको!"

तीन आवाज एकाच तालात निघाले. तसा ताल त्या घरात कधी जमला नव्हता.

यमुताईंनी पंतांकडे पाहिलं. "तुम्हाला काहून नको?"

"तुला काहून नको?"

पंतांनी चष्म्याचं घर चाचपलं. यमुताईंनी पानाच्या डब्याकडे पाहिलं आणि अडकित्ता हळूच पदराखाली घेतला. मग दोघांनी मिळून रुपरावांकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहून राहिले?" रुपराव पत्राची घडी करत म्हणाले. "मी तर फक्त टाका कच्चा मारला होता. तो बी तुटला नाही."

यमुताईंना असं हसू आलं की भाता हातून सुटला आणि सूर मधेच बसला. पंत पट्टी दाबून तसेच वाट पाहत राहिले, त्यांच्याकडे बघत. त्यांना काही घाई नव्हती.