सुपडूनाना आणि सात हातांची गल्ली

सुपडूनाना तुमच्याशी बोलायला लागले, की हळूहळू मागे सरकायचे. राग म्हणून नव्हे, की कंटाळा म्हणून नव्हे. समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत एका नजरेत बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "हां, बोला, बोला," म्हणत एकेक पाऊल मागे. नवख्या माणसाला वाटे, यांना ऐकू येत नसावं. तो पुढे सरके. मग नाना आणखी मागे. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी असं बोलता बोलता एकदा त्यांना दाणाबाजाराच्या टोकापर्यंत नेलं आणि एका बोहारणीच्या टोपलीत बसवूनच गप्पा आटोपल्या.

मी तेव्हा जळगावच्या त्या शाळेत चित्रकला शिकवत असे. नानांचा फोटो स्टुडिओ शाळेमागच्या रस्त्यावर होता. दोन खोल्या, उत्तरेकडच्या छपराला काचा, आणि मागे एक कोंदट अंधारखोली. नाना राहायचेही तिथेच. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी चोपड्याकडचं गाव सोडून ते धुळ्याला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे राहिले, काम शिकले आणि मग जळगावला आले, एवढंच त्यांच्याबद्दल लोकांना ठाऊक होतं.

आमची ओळख झाली ती पडद्यावरून. फोटोच्या मागे टांगायला त्यांना रंगवलेला पडदा हवा होता. मी एक तळं, दोन हंस आणि बाजूला वर चढत जाणारा संगमरवरी जिना असं चित्र काढून दिलं. नानांनी ते बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, हा जिना कुठं जातो?"

"कुठं नाही. चित्र आहे, नाना."

"मग चढणारा माणूस मध्येच अडकेल की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्याच्या टोकाला एक दार काढायला लावलं. आणि ते उघडं ठेवायला लावलं.

असा हा माणूस. बोलणं शहरी, पण मन हललं की आतली अहिराणी बाहेर यायची. फोटोला चार माणसं उभी राहिली, की त्यांचं लक्ष मधल्या मानकऱ्याकडे कधीच नसे. "मधला काय, तो कसाही येतो," ते म्हणत. "कडेच्याला पाहा. कडेचा माणूस आला, म्हणजे फोटो आला." नवरदेवाच्या ऐवजी ते वरातीतल्या शेवटच्या माणसाचं उपरणं नीट करत बसत. भुसावळच्या रेल्वेतल्या एका साहेबाला निरोप द्यायचा होता, तेव्हा साठ माणसांच्या फोटोत त्यांनी साहेबाला दोनदा उठवलं होतं. कारण काय, तर अगदी टोकाला उभ्या असलेल्या पाणक्याचा एक कान बाहेर राहत होता.

त्यांचा कॅमेरा म्हणजे शिसवी पेटी, चामड्याचा भाता, तीन पाय आणि मागे एक दुधी काच. काळं कापड डोक्यावर घेऊन त्या काचेत पाहायचं. पहिल्यांदा मी त्यात डोकावलो, तो दिवस मला अजून आठवतो. जळगावचा तो धुळीचा रस्ता काचेत उलटा टांगलेला होता. टांग्याची चाकं वरून चालली होती, घोडा आभाळावर पाय ठेवत जात होता आणि डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई थेंबही न सांडता खाली डोकं करून निघाली होती. कुणाचाही आवाज येत नव्हता. मी बाहेर आलो, तर रस्ता फारच साधा वाटला.

"रोज पाहिलं की सवय होते का हो?" मी विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "बाहेरची सवय मोडते."

त्या वर्षी दिवाळीनंतर नानांना एक ध्यास लागला. त्यांना रुंद नजरेचं भिंग हवं होतं. नेहमीच्या भिंगाला मोठा देखावा हवा असेल तर लांब जाऊन उभं राहावं लागतं. रुंद भिंग जवळूनच दोन्ही बाजूंचं सगळं पोटात घेतं. मुंबईच्या एका दुकानाशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पत्रं मला दाखवत. प्रत्येक पत्रात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत असे: सात हातांवरून किती मावेल?

सात हात कुठून आले, ते काही सांगेनात. स्टुडिओसमोर रस्त्यावर त्यांनी खडूने दोन रेघा मारल्या. एकीपासून दुसरी बरोबर सात हात. एका रेघेवर कॅमेरा, दुसरीवर जो सापडेल तो. भाजीवाल्या, वकील, शाळेत निघालेले आम्ही मास्तर, सगळ्यांना तिथे बाजूबाजूला उभं करून ते कपाळाला आठ्या घालत. लोकांनी आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं, रेल्वेचं मोठं काम मिळालंय. कुणी म्हणालं, नानांचं डोकं फिरलंय. नाना दोघांनाही "असेल" म्हणत.

शेवटी दुकानदाराने कंटाळून तीन भिंगं पसंतीसाठी पाठवून दिली. पंधरा दिवसांत एक ठेवायचं, दोन परत करायची. नानांनी त्यांना नावं ठेवली: थोरलं, मधलं आणि धाकटं. मखमलीच्या तुकड्यावर तिन्ही मांडून ते त्यांच्यासमोर असे बसले, की जणू मुली दाखवायला आणल्या आहेत आणि काय विचारावं ते सुचत नाही.

थोरलं भिंग फार सभ्य निघालं. रेषा सरळ, चेहरे स्वच्छ, पण सात हातांवरून त्यात जेमतेम पाच माणसं मावली. मधल्यात सात-आठ मावली, तरी दोन्ही टोकांना एकेक अर्धा माणूस उरलाच. नाना त्या अर्ध्या माणसांकडे पाहून कष्टी झाले.

राहिलं धाकटं. बोराएवढी काच, पण नजर केवढी. ते लावलं तेव्हा दुधी काचेवर इतका अंधार झाला, की नानांना समोरच्या माणसाच्या हातात मेणबत्ती देऊन तिच्या ज्योतीवर नजर जुळवावी लागली. मग ज्या काचेवर फोटो उमटतो ती औषधात धुऊन, फोटो छापून पाहिला. रस्त्याची अख्खी बाजू त्यात आली होती. तळाशी मात्र एक काळा पट्टा होता. मी म्हटलं, गटाराचा कठडा असावा. नानांनी वाचायच्या भिंगातून निरखून पाहिलं आणि लाजले. ती त्यांच्याच कॅमेऱ्याची पुढची फळी होती. धाकट्याच्या नजरेतून तीही सुटली नव्हती.

फळी मागे घेता येत होती. खरी अडचण दुसरी होती. टोकाला उभ्या असलेल्या आमच्या शेजारच्या काशीबाई फोटोत आडव्या ताणल्या गेल्या होत्या. मुळात त्या अंगाने भरलेल्या. फोटो पाहून त्यांनी नानांशी आठ दिवस बोलणं टाकलं.

"धाकटं जमायचं नाही, नाना," मी म्हटलं. "कडेची माणसं फुगवतं. मधलं ठेवा."

नानांनी फोटोच्या दोन्ही कडा पुन्हा निरखल्या. मग म्हणाले, "कडेचे दोघं हडकुळे असले तर?"

"तर भरल्यासारखे दिसतील."

"मग हेच," ते म्हणाले आणि बाकीची दोन त्याच संध्याकाळी बांधून ठेवली.

तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं. सात हात ही त्यांच्या गावातल्या, त्यांच्याच घरापुढच्या गल्लीची रुंदी होती.

घरी तीन भाऊ. थोरला दगडू, मधले नाना, धाकटा झिपरू. आई लवकर गेली. त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असलेली अक्का बालपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. तिनेच तिघांना वाढवलं. पोरं जगावीत, दृष्ट लागू नये म्हणून त्यांची अशी ओबडधोबड नावंही तिनेच ठेवलेली. पुढे दगडूभाऊ आणि झिपरू यांच्यात विहिरीच्या पाळीवरून बिनसलं आणि घराच्या बरोबर मधोमध, ओट्यापर्यंत, भिंत उभी राहिली. भिंतीला दार नाही. अक्का चार महिने इकडे, चार महिने तिकडे. पाळी बदलली की ती आपलं गाठोडं घेऊन एका दारातून बाहेर पडते आणि गल्लीतून दुसऱ्या दारात शिरते.

"नऊ वर्षं झाली," नाना म्हणाले. "मागच्या खेपेला गेलो तर म्हणाली, सुपडू, दुनियेचे फोटो काढतोस, माझी लेकरं एका कागदावर दाखव. आता ते दोघं काही एकमेकांच्या शेजारी बसायचे नाहीत. आणि गल्ली पडली सात हातांची. दोन्ही दारं एकदम दिसतील असं मागे जायला जागाच नाही, मास्तर."

नाताळच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो. तापी नावेने ओलांडली. पलीकडे केळीच्या बागा, मग वेचणीला आलेला कापूस, आणि या सगळ्याच्या वर सातपुडा, निळ्या धुरासारखा. बैलगाडीत नाना मांडीवर धाकटं भिंग घेऊन बसले होते.

गल्ली खरोखरच अरुंद होती. समोर गोठा होता. गोठेवाल्याला विचारून आम्ही कॅमेऱ्याचा मागचा पाय गव्हाणीत रोवला. तिथली म्हैस नानांचं काळं कापड चाटू लागली. नाना तिला फार आदराने "थांब बाई, थांब," म्हणत होते.

अक्का ओट्यावर, भिंतीच्या टोकाशी येऊन बसली. सुरकुतलेली, लहानखुरी, धुतलेलं लुगडं नेसलेली. प्रश्न होता तो भावांचा.

दगडूभाऊ दारातूनच म्हणाले, "माले त्याना जोडे बसनं नही." त्याच्याजवळ मला बसायचं नाही.

"जोडे कोण म्हणतंय?" नाना म्हणाले. "तू तुझ्या दारात बस. दार तुझंच ना?"

"दार मनंच शे."

"मग बस."

हेच संभाषण नानांनी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन जसंच्या तसं झिपरूशी केलं. दोघंही आपापल्या दारात बसले. एकाने मान उत्तरेला वळवली, दुसऱ्याने दक्षिणेला. नाना कापडात शिरले. मग आतून त्यांचा आवाज आला. "या, मास्तर. पाहा."

मी डोकं आत घातलं. अंधारात त्या दुधी काचेवर दोन दारं उलटी लोंबत होती. दोन्ही दारांत एकेक हडकुळा माणूस, आणि मधोमध अक्का. भिंत जवळजवळ दिसतच नव्हती. तिची फक्त कड आमच्याकडे होती आणि तिच्यापुढे अक्का बसली होती. एकच लांब घर वाटत होतं, पाण्यात पडलेलं.

नानांनी सगळ्यांना बजावलं. उजेड कमी, भिंगाचं तोंड बारीक, तेव्हा आठ मोजेपर्यंत कुणी हलायचं नाही. पापणी लवली तर चालेल, मान नाही. मग त्यांनी टोपण काढलं, मनात मोजलं आणि परत लावलं. कुणीही हललं नाही. दोन्ही भावांनी तर श्वासही घेतला नसावा. कोण आधी हलतो, हे जणू त्यांना पाहायचं होतं.

"झालं," नाना म्हणाले.

अक्का उठली नाही. "आन तू कोठे शे रे?" तिने विचारलं.

"मी इथं, अक्का. फोटो काढतोय."

"मी कागदवरनं विचारस." ती कागदावरचं विचारत होती.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टोपण काढून आठ मोजायचे एवढंच ना? मी मोजतो." त्यांनी दुसरी काच कॅमेऱ्यात सरकवली, सगळं दोनदा तपासलं आणि गल्ली ओलांडून गेले. आयुष्यभर लोकांना हात कुठे ठेवा ते सांगणाऱ्या त्या माणसाला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. आधी पाठीमागे बांधले, मग पुढे, मग कोटाच्या खिशात.

"आठे बठ," अक्का म्हणाली आणि आपल्या पायाजवळची जागा हाताने झाडली. नाना तिथे बसले. मी टोपण काढलं.

एक, दोन, तीन. अक्काने हात उचलला आणि नानांच्या डोक्यावर ठेवला. नाना समोर पाहत होते. "किती वाळी गया रे तू," ती हळूच म्हणाली. तिचा हात केसांवरून फिरत होता. मी आठ मोजले आणि टोपण लावलं.

पहिल्या फोटोच्या प्रती नानांनी दोन्ही घरांत पाठवल्या. भिंत काही पडली नाही. पण झिपरूकडून परत येणाऱ्या टपालवाल्याला दगडूभाऊंनी थांबवलं आणि धाकल्याचं बरं चाललेलं दिसतंय, अंग भरलंय, असं म्हणाले, हे अक्काने कुणाकडून तरी पत्र लिहवून कळवलं.

दुसरी काच आम्ही जळगावला परतल्यावर त्याच आठवड्यात धुतली होती. नानांच्या इथे हललेल्या काचेला थारा नसे. फोटोत कुणाचं बोट हललं असलं, तरी ते ती काच सरळ बादलीत टाकत. ही त्यांनी खिडकीशी उजेडात धरली. दोन दारं, दोन भाऊ, ओटा, गल्लीतले दगड, सगळं सुईने कोरल्यासारखं. फक्त अक्काचे ओठ पुसट होते आणि नानांच्या डोक्यावर, तिचा हात असायला हवा तिथे, धुक्याचा एक पुंजका होता.

"हललंय," नाना म्हणाले.

मी बादलीकडे पाहिलं.

"मी तिला सांगितलं होतं, मास्तर, आठ होईपर्यंत हलायचं नाही म्हणून." त्यांनी काच हलक्या हाताने वाळवणीच्या घडवंचीवर उभी केली. मग तिच्यासमोर स्टूल ओढून बसले, अगदी जवळ. "ऐकलंच नाही तिनं."