बिराजदार सरांची निळी खसखस

बिराजदार सर नव्या माणसाला नाव विचारत नसत. आधी त्याला आपादमस्तक न्याहाळत आणि स्वतःशीच निकाल देत, "फूल." नाही तर, "जिवाणू."

मी शिकवत असे त्याच लातूरच्या शाळेत सर विज्ञान शिकवत आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. त्यांच्या लेखी जगात दोनच जमाती होत्या. एक फूल, म्हणजे हिमालयातली निळी खसखस. "वर बर्फात एकली उगवती. वर्षानुवर्षं दम धरती, एकदाच फुलती आन् मरून जाती. बघाया कोन हाय तिथं?" दुसरा, तुरीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा जिवाणू. "दिसत न्हाई, बोलत न्हाई, पर हवेतलं खत वढून तुरीला चारतो."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवे कलेक्टरसाहेब कडक इस्त्रीत शाळेत आले, तेव्हा सर माझ्या कानात पुटपुटले, "फूल." दुष्काळात टँकर आणणारा ड्रायव्हर मात्र जिवाणू. स्वतः सर अर्थातच जिवाणू. माझं काय विचारलं, की म्हणत, "तपासणी चालू हाय."

त्या वर्षी त्यांनी आमच्या परसात तूर लावली. बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू चोळले. त्यात आमच्या घरातला सगळा गूळ गेला आणि आम्ही आठवडाभर फिका चहा प्यायलो.

पावसानं दडी मारली. सर रोज संध्याकाळी हात धुतलेलं पाणी तांब्यात जपून आणत, तुरीला घालत आणि "आलोच हाय तर" म्हणून चहाला बसत. एकदा रोप उपटून त्यांनी मुळावरची गाठ नखानं फोडली. आत गुलाबी. "जित्ता हाय, जित्ता हाय," म्हणत ते गल्लीभर दाखवत फिरले.

मग बढतीचा हुकूम आला. किनवटला हेडमास्तर. माझ्या बायकोनं, सुमननं, निरोपाच्या पुरणपोळ्या केल्या. सरांनी दोन खाल्ल्या.

"निघायचं कधी, सर?" तिनं विचारलं.

"न्हाई जात. बढती नको म्हणून लिहून दिलं."

"अहो, हेडमास्तर झाला असता."

"वहिनी, मुळाबिगर जिवाणूला हवेतलं कायबी घेता येत न्हाई. बदल्यांपायी लई गावं फिरलो, कुनी 'या, बसा' म्हनलं न्हाई. मी स्वतःला जिवाणू समजत होतो. खसखसच होतो मी. हिथं आल्यावर जरा..."

सुमननं न विचारता तिसरी पोळी वाढली, वर तूप सोडलं.

सर माझ्याकडे वळले. "तुमची तपासणी झाली. तुम्ही दोघंबी मूळ."

मी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी माझ्या पानातल्या तुपात पडू नये, एवढीच काळजी घेतली.