पेडणेकर सरांचा तराजू

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगीत पेडणेकर सर नाती वजनावर मोजायचे. सख्खा भाऊ अर्धा शेर, पुतण्या पाव, चुलतभाऊ नवटाक, म्हणजे त्याच्याही निम्मा. शाळेत जीवशास्त्र शिकवणारा हा पन्नाशीचा ब्रह्मचारी जिन्यात कुणालाही गाठून सांगायचा, की जेवढं रक्त एक तेवढीच माया. "आत तराजू आहे, वहिनी. माकडापासून चालत आलाय."

माझ्या डोक्यात जायचा हा माणूस. तळमजल्यावरच्या सावंतवहिनींनी स्वतःच्या मुलाला सुरमईची मधली तुकडी वाढली आणि जावेच्या मुलाला शेपटी. सरांनी ते दारातून पाहिलं आणि शाबासकी दिली, "बरोबर वाढलंत. पोटचा अर्धा, जावेचा शून्य." जाऊ मागेच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात दोन स्टोव्ह पेटायला लागले. मला तर ह्यांच्या देखत सांगितलं होतं, की नवराबायको म्हणजे शून्यच. मेल्याला लाज नाही, असं मी घरात येऊन दहादा म्हटलं.

मग पंच्याऐंशी साली ह्यांचा अल्सर फुटला. ऑपरेशनला रक्ताच्या दोन बाटल्या नातेवाइकांनी द्यायच्या, असा हॉस्पिटलचा नियम. एक माझ्या भावाने दिली. माझं रक्तच कमी, म्हणून मला परत पाठवलं. घाटकोपरच्या दिरांना फोन केला, तर त्यांच्या सासुरवाडीला पूजा होती.

कपडे न्यायला घरी आले तर जिन्यात सर. मी सगळा राग त्यांच्यावर काढला. "ह्यांचा सख्खा भाऊ आला नाही. घाला तुमचा तराजू चुलीत!"

सर लालबुंद झाले. "अर्धा? अर्धा आला नाही?" रिक्षात बसून हॉस्पिटलपर्यंत ते माझ्या दिरांना शिव्या घालत होते. तराजूत खोट नाही, तो माणूसच नालायक आहे, म्हणे.

दुसरी बाटली सरांच्या रक्ताने भरली. ऑपरेशन झालं, हे वाचले. पण त्या दिवशी रक्त काढल्यावर नर्सने सरांना विचारलं, चक्कर आली तर कुणाला बोलवायचं, घरच्या कुणाचं तरी नाव सांगा. पार्ल्याला त्यांचा सख्खा भाऊ राहायचा, हे मला ठाऊक होतं. सरांनी शर्टाची बाही खाली ओढली. मग माझ्याकडे न बघता त्यांनी माझं नाव सांगितलं, आणि लगेच माझ्यावरच खेकसले, "उभ्या काय राहिलात? जा, नवऱ्याजवळ बसा."